घरातली दुसरी गाडी : छोटी हॅचबॅक कोणासाठी?



मुलगा किंवा मुलगी सतरा वर्षांची होत आली की आपल्या घरांतून एक विषय हमखास निघतो : आणखी एक गाडी घ्यायला हवी, कुठली घ्यायची? उत्तरही बहुधा ठरलेलं असतं. "एखादी जुनी, छोटी, स्वस्तातली हॅचबॅक बघू. पोरांचा हात बसेल, आणि ठोकली तरी जिवाला लागायचं नाही." ह्या शेवटच्या वाक्याबद्दल मला चार शब्द लिहायचे आहेत.

छोटी गाडी आपल्या एडिसनला नवी नाही. रूट १ वर १९४८ ते २००४ पर्यंत फोर्डचा कारखाना होता. सत्तरच्या दशकात तिथे पिंटो तयार होत होती आणि ऐंशीच्या दशकात एस्कॉर्ट. आज त्या जागेवर मोठमोठी दुकानं उभी आहेत. भारतातून येताना आपल्यापैकी कोणी १९८३ साली आलेल्या मारुती ८०० ची सवय घेऊन आलं, तर कोणी पुण्यात तयार झालेल्या १९९८ च्या इंडिकाची. त्यामुळे मागचं दार वर उघडणारी आखूड गाडी आपल्याला कधी परकी वाटत नाही.

मात्र अमेरिकेच्या बाजारातून ती जवळजवळ नाहीशी झाली आहे. होंडा फिट आणि टोयोटा यारिस इथे २०२० नंतर बंद झाल्या, शेव्हरोले स्पार्क २०२२ साली, आणि मित्सुबिशी मिराजचं २०२४ चं मॉडेल इथलं शेवटचं ठरलं. वीस हजार डॉलरच्या आत नवीकोरी हॅचबॅक आता मिळत नाही. म्हणजे प्रश्न जुन्या गाडीचाच आहे, आणि त्यात बहुतेकांची नजर जाते फिटकडे. भारतात हीच गाडी जॅझ नावाने विकली जात होती.

आधी तिचे गुण सांगतो, कारण ते खरे आहेत. फिटची पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली असल्यामुळे मागे भरपूर जागा मोकळी राहते. मागच्या सीट आडव्या पाडल्या की ५० घनफुटांच्या वर सामान मावतं. सीटची बैठक वर उचलता येते, त्यामुळे गणपतीची मूर्ती उभीच्या उभी नेता येते आणि कार्यक्रमाचे तबला-पेटी, जेवणाचे ट्रेही सुखाने जातात. गाडीची लांबी जेमतेम साडेतेरा फूट. शनिवारी संध्याकाळी ओक ट्री रोडवर गाडी लावायला जागा शोधणाऱ्याला ह्याचं मोल वेगळं सांगायला नको.

आता पेट्रोल. गॅलनला ३६ मैल ही तिची सरासरी, जुन्या मिनीव्हॅनची २२ च्या आसपास. वर्षाला ८००० मैल धरले तर सुमारे १४० गॅलन वाचतात, म्हणजे गॅलनला ३ डॉलर दराने सव्वाचारशे डॉलर. वाईट नाही, पण ह्या एका बचतीवर गाडी निवडावी इतकी मोठीही नाही.

दोषही तितकेच खरे आहेत. पार्कवेवर शिरताना इंजिन ओरडतं. रस्त्याचा आवाज आत येतो. हिवाळ्यानंतरचा प्रत्येक खड्डा कंबरेला कळतो. आणि आई-बाबा नुअर्क विमानतळावर उतरले की त्यांच्या चार मोठ्या बॅगा आणि चार माणसं हे गणित ह्या गाडीत सुटत नाही. पण हे दोष सोसण्यासारखे आहेत.

खरा प्रश्न वजनाचा आहे. फिटचं वजन साधारण २६०० पौंड, मिराजचं २१०० च्या घरात. समोरचा पिकअप सहज ४५०० पौंडांचा असतो. टक्कर झाली की हलकी गाडी जास्त जोरात मागे फेकली जाते आणि आतल्या माणसाला जास्त मार बसतो. "पण तिला स्टार चांगले आहेत," असं पुष्कळजण म्हणतात. समोरून होणाऱ्या टकरीचे सरकारी स्टार फक्त जवळपास तेवढ्याच वजनाच्या, म्हणजे २५० पौंड कमी-जास्त असलेल्या गाड्यांशी तुलना करण्यासाठी असतात. छोट्या गाडीचे पाच स्टार आणि मोठ्या गाडीचे पाच स्टार एक नव्हेत.

हायवे सुरक्षेची विमा संस्था चालकांच्या मृत्यूचे आकडे गाडीगणिक प्रसिद्ध करते. २०२३ साली आलेल्या आकड्यांत, दर दहा लाख नोंदणीकृत गाड्यांमागे वर्षाला सरासरी ३८ चालक दगावले होते. मिराज हॅचबॅकसाठी तो आकडा १८३ होता. हीच संस्था नवशिक्या मुलांना अगदी छोट्या गाड्या देऊ नका असं सांगते.

आता आपल्या हिशेबाकडे पुन्हा पाहू. घरातला सर्वांत कमी अनुभवाचा चालक कोण? सतरा वर्षांचं मूल. न्यू जर्सी सरकारलाही ते ठाऊक आहे. म्हणून तर गाडीला लाल पट्ट्या, रात्री ११ ते पहाटे ५ बंदी, आणि सोबत मित्रमैत्रिणी किती असाव्यात ह्यावर मर्यादा. अशा मुलाच्या हाती आपण घरातली सर्वांत हलकी गाडी देतो आणि वीस वर्षं गाडी चालवणारे बाबा मोठ्या एसयूव्हीतून मेट्रोपार्क स्टेशनपर्यंत तीन मैल जातात! ही वाटणी उलटी आहे.

माझं म्हणणं असं : हॅचबॅक जरूर घ्या, पण ती स्वतः चालवा. स्टेशन, किराणा, क्लासेस, मंडळाची कामं ह्यांसाठी तिच्यासारखी गाडी नाही. मुलाला घरातली जुनी, वजनदार, संथ सेडान द्या. दिसायला ती "कूल" नसेल. चालेल.

"विम्याचं काय?" असं कोणी विचारेल. मुलाचं नाव पॉलिसीत घातलं की हप्ता चढणारच, गाडी कुठलीही असो. एजंटकडून दोन्ही प्रकारे आकडा मागा. फरक किती पडतो ते बघूनच ठरवा.

जुनी फिट घेताना एक काळजी मात्र घ्या. ताकाता एअरबॅगच्या रिकॉलमध्ये तिची जुनी मॉडेलं होती. गाडीचा व्हिन क्रमांक सरकारी वाहन सुरक्षा खात्याकडे फुकट तपासून मिळतो. पैसे देण्याआधी तेवढं करा. पिंटोची टाकी मागच्या टकरीत पेट घेते म्हणून १९७८ साली सुमारे १५ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. स्वस्त गाडीचा हा धडा आपल्याच गावात बनलेल्या गाडीने दिला आहे.

पैसे वाचवण्यात लाज नाही. आपण सगळे तसंच करत इथवर आलो. फक्त काटकसर कोणाच्या वाट्याला जाते आहे एवढं बघावं. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी संपादकांकडे जरूर लिहावं, पुढच्या अंकात वाचायला आवडेल.

— एक सभासद, एडिसन