तळ्याकाठची गुंतवणूक

मावळात पवना धरणाच्या काठाने हिंडलात तर तिकोना आणि तुंग या गडांच्या पायथ्याशी रंगीबेरंगी तंबूंच्या रांगा दिसतात. शनिवारी संध्याकाळी पुण्या-मुंबईची तरुण मंडळी येतात, शेकोटी पेटते, गाणी होतात आणि रविवारी दुपारपर्यंत सारे परततात. हे पाहून अनेक मध्यमवर्गीयांच्या मनात हिशेब सुरू होतो. निवृत्तीची रक्कम बँकेत ठेवण्यापेक्षा इथेच दोन एकर घेऊन तंबू ठोकले तर? माझ्या परिचयातील तीन-चार जणांनी मला हाच प्रश्न विचारला आहे.

धंदा वाईट आहे असे मी म्हणणार नाही. पण कमाई मूठभर रात्रींची असते. वर्षाचे शनिवार ५२. मावळच्या पावसात तंबूची काय कथा? जून ते सप्टेंबरचे १७ वजा केले की उरले ३५. त्यातून परीक्षांचे दिवस आणि मेची काहिली काढा. राखणदाराचा पगार मात्र बारा महिने द्यायचा, आणि उन्हाने विरलेले तंबू बदलायचे ते वेगळेच.

खरी मेख जमिनीत आहे. १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ नुसार, कायद्यातील अपवाद किंवा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी नसेल, तर बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, भाडेपट्ट्यानेही नाही. यावर एजंट हसून म्हणतो, "शेतकरी असल्याच्या दाखल्याचं बघू हो." तिथेच चहा संपवून उठावे. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा असेल तर तीही जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. आणि जागा मे महिन्यात कधीही पाहू नये. तेव्हा पाणी ओसरलेले असते आणि उघडी पडलेली ऐसपैस उतरण एजंट हात फिरवून दाखवतो. ती असते धरणासाठी संपादित केलेली, सरकारी. सप्टेंबरअखेर, धरण भरल्यावर जाऊन उभे राहा; पायाखाली किती उरते ते कळेल.

या हिशेबात एक माणूस कुणी धरत नाही. अर्ध्या शतकापूर्वी या धरणात ज्यांची शेते गेली, त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न कित्येक दशके रेंगाळला. बुडण्यातून वाचलेला तुकडा त्या घरातला कुणी विकतो. मुलीचे लग्न होते, दारात मोटरसायकल येते, आणि दोन वर्षांत तोच माणूस त्याच बांधावर पाहुण्यांच्या बॅगा उचलतो. मला हे पाहवत नाही. शिवाय धंदा म्हणूनही यात शहाणपण दिसत नाही. वाट त्याच्या भावकीच्या रानातून जाते, पाणी गावच्या विहिरीचे असते, आणि रात्री कुणी पाण्यात ओढला गेला तर आधी धावणारा तोच.

राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाने शेतकऱ्याला आपल्याच शेतात पाहुणे ठेवण्याची सोय करून दिली. ज्यांना खरोखर हा धंदा करायचा आहे त्यांनी जमीन त्याच्याच नावावर राहू द्यावी. तंबू, स्वच्छतागृहे, जाहिरात यांचा खर्च आपण करावा आणि नफ्यातला वाटा वकिलाकडून लेखी ठरवून घ्यावा. एका स्नेह्यांना हे सुचवले, तर ते म्हणाले, "मग माझ्या नावावर काय राहणार?"

"तंबू," मी म्हटले. त्यांना ते फारसे रुचले नाही.