३२०चा सोस

‘गाणी ३२०मध्येच हवीत, बाकी सगळा कचरा!’ असं छातीठोकपणे सांगणारा एक तरी महाभाग तुमच्या मित्रमंडळींत असेलच. यातले कित्येक जण १२८ केबीपीएसची एमपी३ उघडतात, सेटिंगमध्ये ३२० निवडतात आणि पुन्हा एक्सपोर्ट करतात. फाईल अडीचपट फुगते. आवाज? उलट किंचित बिघडतोच!

अहो, सीडीवरचा आवाज सेकंदाला १४११ किलोबिट घेतो. तो १२८मध्ये कोंबताना ‘हे कानाला कळणार नाही’ म्हणून एन्कोडरने बरंच काही कापून फेकलेलं असतं. ते परत कुठून येणार? पुसट झेरॉक्सची मोठ्या कागदावर झेरॉक्स काढली म्हणून अक्षर ठळक होतं का?

बरं, मूळ सीडी हाताशी असली तरी ३२०च कशाला? लेम एन्कोडरमध्ये व्ही२ निवडा. शांत जागी बिट्स वाचतात, गुंतागुंतीच्या जागी जास्त मिळतात, सरासरी १९०च्या आसपास. फरक डोळे मिटून ओळखून दाखवा, मग बोलू. नुसतं बोलणं असेल तर मोनोत ६४ पुरे.

खरा संताप वेगळ्याच गोष्टीचा येतो. आजीच्या ओव्यांची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायची, एमपी३ करायची आणि ‘जागा खाते’ म्हणून मूळ वेव्ह फाईल उडवायची, हा शुद्ध करंटेपणा! उद्या खरखर काढायची झाली तर कशावरून काढणार? ती फ्लॅकमध्ये ठेवा. आकार बराच कमी होतो, पण एक बिटही हरवत नाही. त्यावरून हव्या तेवढ्या एमपी३ पाडा, अगदी ३२०च्यासुद्धा.

तेव्हा मंडळी, एक्सपोर्ट दाबण्याआधी मूळ फाईल जपून ठेवलीय ना, तेवढं बघा.