घुमटांचे निर्लेखन

कलकत्त्यास बदली होऊन येणाऱ्या मराठी अधिकाऱ्याला लालदिघीभोवतीच्या वास्तू लवकरच पाठ होतात. रायटर्स बिल्डिंग, मोठ्या टपाल कचेरीचा घुमट आणि तेथून हाकेच्या अंतरावरील करन्सी बिल्डिंग. पहिल्या दोहोंकडे आम्ही कौतुकाने पाहतो. तिसरीकडे पाहताना मात्र, केंद्र सरकारच्या लेखणीवर पोट भरणाऱ्या आम्हां मंडळींस मान खाली घालावी लागते.

ही तीन मजली, इटालियन घाटाची इमारत १८३३ सालची. मूळची आग्रा बँकेच्या कलकत्ता शाखेची. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी थांबली, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईच्या सट्ट्याचा फुगा फुटला. पुढच्याच वर्षी लंडनमधील पेढ्यांवर अरिष्ट आले, तेव्हा मास्टरमन पेढीशी एक झालेल्या या बँकेसही व्यवहार थांबवावे लागले. नोटा काढण्याचा अधिकार १८६१ च्या कायद्याने सरकारकडे आलेला होताच. १८६८ मध्ये सरकारच्या चलन खात्याने इमारतीचा मोठा भाग घेतला. तीन मोठ्या घुमटांखालच्या मधल्या दालनात नोटा, सोने, चांदी आणि चिल्लर यांची अदलाबदल चाले. १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक निघाली, तिचे मध्यवर्ती कार्यालय १९३७ मध्ये मुंबईस जाईपर्यंत येथेच होते. ज्या गव्हर्नरपदावर १९४३ मध्ये चिंतामणराव देशमुख पहिले भारतीय म्हणून बसले, त्या पदाचा आरंभ या भिंतींतला.

अशा वास्तूचे आपण काय केले? केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने प्रथम तिचे कोठार केले. १९९४ मध्ये ती पाडण्याचा बेत ठरला आणि १९९६ ते १९९८ या काळात ते तीन घुमट खाली आले. इन्टॅक ही संस्था व कलकत्ता महापालिका आडव्या आल्या म्हणून उरलेले वाचले. बाहेरचा शत्रू आला नव्हता, भूकंप झाला नव्हता. सरकारची इमारत सरकारनेच पाडावयास घेतली होती.

यावर काही मित्र म्हणतात, ‘इंग्रजी अमलाची खूण गेली, तर शोक कसला?’ आम्ही विचारतो, त्या विटा कोणी रचल्या? त्या दालनात मोजला गेलेला पैसा कोणाच्या घामाचा होता? आणि स्वाभिमानाने पाडावयाचे, तर शेजारची रायटर्स बिल्डिंग कशी उभी राहिली? तिच्यात तर स्वतंत्र बंगालचे मंत्री कित्येक वर्षे बसले! पाडणाऱ्यास इतिहासाचा राग नव्हता. इतिहासाची दखलच नव्हती. राग एक वेळ परवडतो.

दुसरे समाधान असे की, पुढे सर्व ठीक झाले. २००२ मध्ये ती संरक्षित स्मारक ठरली, पुरातत्त्व खात्याकडे आली, आणि दीर्घ डागडुजीनंतर ११ जानेवारी २०२० रोजी तिचे उद्घाटन झाले. त्या खात्याच्या चिकाटीस आमचा नमस्कार असो. पण घुमट परत आले नाहीत. जेथे ते दालन होते, तेथे आता उघडे अंगण आहे. एका खात्याने मोडावे, दुसऱ्याने सांधावे, आणि दोन्ही खर्च रयतेच्या माथी बसावेत, यास ‘ठीक झाले’ म्हणणे आमच्या जिभेवर येत नाही.

ते पाडकाम झाले तेव्हा आम्ही शाळेत होतो. पण म्हणून हात झटकता येत नाहीत. मोडकी खुर्ची आणि दीडशे वर्षांची इमारत यांना एकच ‘निरुपयोगी’ हा शेरा लावण्याची सवय आमच्या पेशाची आहे, आणि ती आम्हीही रोज गिरवीत आहोत. परप्रांतात आपली मंडळे, गणेशोत्सव आणि नाटके आपण प्राणपणाने जपतो. पण ज्या गावाचे अन्न खातो, त्या गावाच्या वास्तूंकडे मात्र पाहुण्याच्या नजरेने पाहतो. बदलीची नोकरी ही त्यावर सबब नव्हे.

तेव्हा वाचकहो, एखाद्या जुन्या इमारतीच्या निर्लेखनाची फाईल आपल्या मेजावर आली, तर सही करण्यापूर्वी उठा आणि ती इमारत एकदा पाहून या. फाईल एक दिवस थांबू शकते. पडलेला घुमट पुन्हा चढत नाही.