कसली तयारी, कुणासाठी?

आमच्या कोळारच्या घरात तीन भाषा नांदतात. देवघरात मराठी, दारात कन्नड आणि बाजारात दखनी. पण बाईच्या एका अवयवासाठी या तिन्ही भाषांत चारचौघांत उच्चारता येईल असा शब्द आमच्या घरात नाही. आहेत त्या शिव्या. ज्याचं नाव घेता येत नाही, त्यावर शस्त्रक्रिया मात्र गुपचूप ठरते!

गेल्या लग्नसराईच्या आधी धाकटी बहीण लेकीला घेऊन आली. मी निवृत्त परिचारिका. "आक्का, आपरेशनच्या आदल्या रात्री हिनं जेवायचं का नाही?" कसलं ऑपरेशन, हे कळायला अर्धा तास लागला. पहिल्या रात्री रक्त दिसावं म्हणून योनिमुखाच्या पडद्याला टाके घालायचे होते. शहरातल्या एका दवाखान्यानं तारीख दिली होती, माहिती दिली नव्हती.

"मावशी, लहानपणी मी सायकलवरनं पडले होते..." पोर सांगू लागली. मी तिला थांबवलं. खरंखोटं विचारण्याचा अधिकार मला नाही, तिच्या सासरलाही नाही.

तयारी मी सांगितली. रक्त-लघवीची तपासणी, चालू औषधं आणि ॲलर्जी डॉक्टरांच्या कानावर घालणं, पाळीचे दिवस टाळणं, जंतुसंसर्ग असेल तर आधी तो बरा करणं, भूल देणार असतील तर सांगतील तितके तास उपाशी राहणं. आणि दवाखान्यानं न सांगितलेलंही सांगितलं : रक्तस्राव, जंतुसंसर्ग, व्रण आणि पुढं संबंधाच्या वेळी वेदना होऊ शकतात. एवढं सोसूनही रक्त येईलच याची हमी नाही.

वाचकहो, मुळात हा पुरावाच खोटा आहे. कितीतरी जणींना पहिल्या संबंधात रक्त येतच नाही. कौमार्य सिद्ध करणारी कोणतीही तपासणी नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली सांगितलं. बलात्कारपीडितेची 'दोन बोटांची' चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२२ मध्ये बजावलं. अशा सौंदर्यशस्त्रक्रियांची सुरक्षितता आणि उपयुक्तता सिद्ध झालेली नाही, हे अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००७ साली सांगितलं आणि २०२० साली पुन्हा सांगितलं.

कंजारभाट समाजातल्या तरुणांनी २०१८ साली आपल्याच जातपंचायतीच्या कौमार्य परीक्षेविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा आपण सुशिक्षितांनी टाळ्या वाजवल्या. आपली पंचायत तेवढी दवाखान्यात बसते, एवढाच फरक!

कोणी म्हणेल, पोरीचा संसार वाचत असेल तर टाके घातले म्हणून काय बिघडलं? डॉक्टरही कधी दयेपोटीच करत असेल. मला ते कळतं. भिऊन गेलेल्या पोरीला मी दोष देणार नाही. पण टाके घातलेली प्रत्येक पोर त्या परीक्षेला खरी ठरवून जाते, आणि पुढची पोर आणखी अडकते.

आपल्या भागाला तर शस्त्राचं भय हवंच. तांड्यांवरच्या बायकांची गर्भाशयं विनाकारण काढल्याच्या तक्रारी २०१५ साली कलबुर्गी जिल्ह्यात गाजल्या. बीडच्या ऊसतोड बायकांच्या बाबतीत २०१९ साली महाराष्ट्र सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवण्याची सवय आपल्याला महाग पडली आहे. मराठी बाईपुढं कन्नड किंवा इंग्रजी संमतिपत्र आलं, तर "मला समजेल असं वाचून दाखवा" एवढं म्हणण्याचा तिला हक्क आहे.

आणि एक सल. बाळंतपणानंतर अंग बाहेर येणाऱ्या कितीतरी बायका मी नोकरीत पाहिल्या. वर्षानुवर्षं फडकी बांधून रानात राबत होत्या. ते खरं दुखणं. त्याला उपचार आहेत, गरज पडली तर शस्त्रक्रियाही आहे. त्यांना दवाखान्यात आणायला घरात पैसा नव्हता, सवड नव्हती. दिखाव्याच्या टाक्यांना मात्र पाटल्या मोडल्या जातात.

सगळं ऐकून भाचीनं एकच विचारलं, "आणि नवरदेवाची काय तयारी, मावशी?" बहीण खाली बघत राहिली. दवाखान्याची ती तारीख निघून गेली, लग्न झालं. पुढं काय झालं, हे मी विचारलेलं नाही. ते तिचं आहे.

आयांनो, पोरीला दवाखान्यात नेण्याआधी एकदा जवळ बसवा. त्या अवयवाचं नाव घ्या. मराठीत घ्या, कन्नडात घ्या, पण न लाजता घ्या. खरी तयारी तिथून सुरू होते.