पाहण्याची गाडी आणि बसण्याची गाडी

अकोला, मूर्तिजापूर वा बडनेरा येथील फलाटाच्या टोकाशी कॅमेरा किंवा मोबाइल रोखून उभी असलेली तरुण मुले हे दृश्य आता नवलाचे राहिलेले नाही. लांबून येणाऱ्या इंजिनाचा वर्ग ती शिट्टीवरून ओळखतात, आणि दोन इंजिने जोडलेली मालगाडी गेली की सण साजरा झाल्यासारखी हरखतात. वडीलधारी माणसे यावर हसतात. गाडी ही बसण्याची वस्तू. ती पाहत काय उभे राहायचे, असा त्यांचा सवाल असतो. हा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वऱ्हाडातल्या दोन रेल्वेमार्गांचे भवितव्य नेमके याच सवालाशी येऊन थांबले आहे.

रेल्वे पाहण्याचा छंद अमेरिकेत जितका फोफावला, तितका क्वचितच अन्यत्र फोफावला असेल. १९५५ ते १९६० या काळात विन्स्टन लिंक या छायाचित्रकाराने नॉरफोक अँड वेस्टर्न कंपनीची अखेरची वाफेची इंजिने रात्रीच्या अंधारात दिव्यांचा लखलखाट करून टिपली आणि त्यांचे आवाजही मुद्रित केले. युनियन पॅसिफिक कंपनीने १९४१ ते १९४४ मध्ये बांधून घेतलेल्या प्रचंड ‘बिग बॉय’ इंजिनांपैकी एक २०१९ साली दुरुस्त करून पुन्हा रुळावर आणले, तेव्हा ते पाहण्यासाठी वाटेवरच्या गावागावांत गर्दी लोटली. कॅलिफोर्नियात टेहाचपीच्या डोंगरात १८७६ साली बांधलेला एक वळसा आहे. तेथे डिझेल इंजिनांची लांबलचक मालगाडी चढ चढताना स्वतःच्याच शेपटीवरून जाते, आणि ते चित्रित करण्यासाठी लोक दूरदूरहून येतात.

या कौतुकाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या टेहाचपीच्या वळशाचे इतके चित्रण होते, तेथून नित्याची प्रवासी गाडी १९७१ पासून धावत नाही. त्याच वर्षी तोट्यातल्या प्रवासी गाड्यांचा भार खाजगी कंपन्यांच्या डोक्यावरून उतरवून तो ‘ॲमट्रॅक’ या नव्या संस्थेवर टाकण्यात आला, आणि पूर्वीच्या कितीतरी गाड्या कायमच्या बंद झाल्या. मोटार आणि विमान हाताशी असलेल्या समाजाला ही हानी सोसली. वऱ्हाडातल्या सालदाराला, बाजाराला निघालेल्या म्हातारीला किंवा महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीला ती सोसेल काय?

आपल्याकडची परिस्थिती पाहू. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही सुमारे १९० किलोमीटरची, अवघ्या अडीच फूट रुंदीची रेल्वे ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने सर्वांना परिचित आहे. वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गापर्यंत आणि तेथून मुंबईमार्गे मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जावा, या हेतूने किलिक निक्सन या व्यापारी पेढीने ती उभारली. योगायोग असा की, तिला दीर्घकाळ ओढणारे वाफेचे इंजिनही मँचेस्टरलाच, १९२१ साली बांधलेले होते. १९२३ मध्ये कामाला लागलेले ते इंजिन १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले आणि त्याची जागा डिझेलने घेतली. देशातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी या मार्गाची मालकी मात्र खाजगी कंपनीकडेच राहिली. गाडी चालवायची सरकारने आणि मोबदला घ्यायचा मालकाने, अशा व्यवस्थेत रुळांवर पैसा खर्च करण्याची घाई कोणालाच नव्हती. वेग घटत गेला, फेऱ्या घटत गेल्या आणि गेल्या दशकात दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या. २०१६ साली सुमारे १,५०० कोटी रुपये खर्चून हा मार्ग रुंद करण्याची घोषणा झाली. परंतु दर्यापूर, अंजनगाव, कारंजा, दारव्हा येथील जनतेला त्या घोषणेत बसून प्रवास करता आलेला नाही.

दुसरा मार्ग अकोला–खांडवा. मेळघाटात धुळघाट येथे या मीटरगेज गाडीला टेहाचपीसारखाच वळसा घेऊन स्वतःच्या रुळांवरून वर चढावे लागे. जाणत्या छंदिष्टांनी हा चमत्कार चित्रित केला. बहुसंख्य वऱ्हाडकरांना मात्र तो ठाऊकही नव्हता. २०१७ च्या आरंभी ही वाहतूक थांबली. २०२२ मध्ये अकोटपर्यंत रुंद रुळांवरची गाडी सुरू झाली. पुढचा मार्ग व्याघ्र प्रकल्पातून न्यावा की बाहेरून वळवावा, यावर बराच वाद झाला आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने बाहेरच्या मार्गाचा आग्रह धरला. तो रास्तच होता. रुंद रुळांवरच्या वेगवान गाड्यांची अखंड वर्दळ जंगलाला मानवणारी नाही, आणि बाहेरच्या मार्गाने अधिक गावांना गाडी मिळू शकते.

आता काही हितचिंतक सुचवितात की, शकुंतलेला ‘वारसा गाडी’ करावे, म्हणजे पर्यटक येतील. या सूचनेत सद्भाव आहे, तसा धोकाही आहे. वारसा गाडी ही नित्याच्या गाडीच्या जोडीला शोभते, तिच्या जागी नव्हे. अचलपूरच्या विद्यार्थ्याला अमरावती वा अकोला गाठण्यासाठी स्वस्त गाडी हवी आहे; सुटीच्या दिवशी धूर सोडीत जाणारे खेळणे त्याच्या काय कामाचे? म्हणून रुंदीकरण हीच पहिली मागणी असली पाहिजे. त्याबरोबर अरुंद रुळांचा एखादा छोटा तुकडा मूर्तिजापूरजवळ राखता आला, तर तो अवश्य राखावा. नागपूरच्या मोतीबागेत २००२ पासून अरुंद मार्गाच्या रेल्वेचे संग्रहालय आहे. इच्छा असली की हे जमते.

मग त्या कॅमेरावाल्या मुलांचे काय? त्यांना हसण्याऐवजी कामाला लावावे, असे आम्हांस वाटते. वाफेच्या मागोमाग डिझेलही आता निरोप घेत आहे. ‘बिग बॉय’ घडविणाऱ्या अमेरिकन आल्को कंपनीच्याच आराखड्याचे डब्ल्यूडीएम-२ इंजिन १९६२ साली भारतात आले, १९६४ पासून वाराणसीत बनू लागले आणि दोन पिढ्यांच्या कानांत त्याची धडधड बसली. विद्युतीकरणामुळे तीही विरत चालली आहे. तिचे मुद्रण आजच व्हायला हवे. पण लिंकच्या छायाचित्रांत केवळ इंजिने नव्हती. रुळांशेजारचे घर, पेट्रोलचा पंप, पोहणारी मुले हा सारा संसार त्यांत होता. आपल्या महाविद्यालयांनी शकुंतलेच्या जुन्या गार्डांच्या, खलाशांच्या, जिनिंगमधल्या कामगारांच्या आणि तिने प्रवास केलेल्या शेतकऱ्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. शाळाशाळांतील शिक्षकांनी एवढे मनावर घेतले, तर मोठा खर्चही लागणार नाही. मात्र रूळ ओलांडून, जीव धोक्यात घालून केलेले चित्रण हा पराक्रम नव्हे, हेही मुलांना त्याच वेळी बजावले पाहिजे.

गाडी पाहणाऱ्याचे प्रेम खरे असते. त्या प्रेमाला नागरिकाच्या मागणीची जोड मिळाली नाही, तर ते केवळ मृत्युलेख लिहीत राहते. शकुंतलेची चित्रे वऱ्हाडच्या घराघरांत आहेत. तिच्या जागी येणाऱ्या गाडीचे तिकीट हातात पडेपर्यंत वऱ्हाडने आपल्या खासदार-आमदारांना स्वस्थ बसू देता कामा नये.