ट्रक शिकायला निघालेल्या मुलाच्या थैलीत काय असावे?

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे माल देणाऱ्या एका मागवाल्याच्या मुलाला आम्ही जड वाहनाचे प्रशिक्षण घेण्यासाठी पुण्याकडे पाठवले. वय एकवीस. मंदीमुळे माग आठवड्यातून चारच दिवस चालत होते आणि मुलगा घरात रिकामा बसून होता. फी आम्ही भरली. सामानही आमच्याच दुकानात भरले गेले. नवी सुटकेस, टेरिकॉटचे सहा जोड, गादी, उशी, लोणच्याची बरणी, त्याच्या अम्मीने केलेला हलवा. सर्वांनी दुआ देऊन त्याला एसटीत बसवले आणि चौथ्या दिवशी मुलगा सुटकेससह परत आला.

कारण ऐकून आमचीच मान खाली गेली. हलक्या वाहनाचा त्याचा मूळ परवाना आधीच्या टेम्पोमालकाने अडकवून ठेवला होता. तो सोडवून आणण्याचे कोणाच्या ध्यानात आले नाही. मोबाईलमध्ये परवान्याचा फोटो होता, तो चालला नाही. चष्मा घरी कपाटात राहिला होता. पायात चपला, आणि चपला घालून गाडीवर चढू द्यायचे नाही असा त्या केंद्राचा नियम. "चाचा, उस्ताद म्हणाले, पुढच्या बॅचला ये," एवढेच तो बोलला. फी बुडाली नाही, पण दीड महिना गेला. रोजंदारीवर चालणाऱ्या घरात दीड महिना म्हणजे काय, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

यात दोष मुलाचा कमी आणि आम्हा मोठ्यांचा जास्त आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्या बिरादरीत मुलगा बाहेरगावी निघाला की आपण त्याच्या पोटाची काळजी करतो, कागदाची करत नाही.

पूर्वीची गोष्ट वेगळी होती. मुलगा एखाद्या उस्तादाबरोबर क्लीनर म्हणून चढत असे. सामान काय, तर गोणपाटात गुंडाळलेली लुंगी आणि एक घोंगडी. चार-पाच वर्षे टायर बदलत, ताडपत्री बांधत, दोरखंड आवळत तो कधी ड्रायव्हर झाला हे त्यालाही कळत नसे. त्यात मारही होता, शिव्याही होत्या, पण केबिनमधले जगणे आपोआप अंगवळणी पडत असे. आता मान्यताप्राप्त केंद्रातला जड वाहनाचा अभ्यासक्रम ३८ तासांचा आहे, तो सहा आठवड्यांत पुरा करायचा असतो. त्यात पाठही आले आणि प्रत्यक्ष चालवणेही आले. ३८ तासांतला एक तासही चष्म्यासाठी किंवा बुटासाठी वाया गेला तर तो भरून निघत नाही.

तेव्हा पहिली वस्तू कागद. हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्षाचा जुना असल्याशिवाय जड वाहनाचा शिकाऊ परवाना मिळत नाही, आणि वय वीस पूर्ण लागते. मूळ परवाना कोणा मालकाकडे असेल तर निघण्याच्या पंधरा दिवस आधी घरातील मोठ्या माणसाने स्वतः जाऊन तो आणावा. नोकराचा परवाना अडकवून ठेवणे ही आपल्याही बाजारातली वाईट सवय आहे, ती आपणच मोडली पाहिजे. डिजिलॉकरमधला परवाना २०१८ पासून कायद्याने मान्य आहे, पण डिजिलॉकर वेगळे आणि फोटो वेगळा, हे मुलाला समजावून सांगावे. कागद प्लास्टिकच्या जाड पाकिटात, झेरॉक्सचा एक संच वेगळ्या खिशात, पासपोर्ट साईझचे आठ-दहा फोटो. पासपोर्ट मात्र घरी ठेवावा. आखाताचे स्वप्न पुढे पाहता येईल, वसतिगृहात पासपोर्ट हरवला तर तेही गेले.

दुसरी गोष्ट डोळे आणि कान. वैद्यकीय दाखल्याच्या नमुना १-अ मध्ये डॉक्टरांना लिहून द्यावे लागते की पंचवीस मीटरवरची नंबर प्लेट उजेडात वाचता येते, चष्म्याने का होईना. लाल आणि हिरवा रंग ओळखता येतो का आणि ऐकू नीट येते का, हेही त्यात असते. मागाच्या खडखडाटात लहानपणापासून वाढलेल्या मुलाचे कान पन्नाशीच्या माणसासारखे झालेले आम्ही पाहिले आहेत. घरात तो मोठ्याने बोलतो, आपण त्याला उद्धट समजतो. फी भरण्याआधी कान तपासून घ्यावेत. चष्मा असेल तर दोन जोड घ्यावेत, एक डोळ्यावर आणि एक थैलीत.

कपड्याबद्दल बोलण्याचा आम्हाला थोडा अधिकार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. टेरिकॉटचे जोड देणे ही आमचीच चूक होती. दुकानात ते चापून-चोपून दिसते, पण इंजिनाच्या उष्णतेत घाम शोषत नाही, पाठीला चिकटते आणि आठवड्यात अंगावर घामोळे उठते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मोठ्या ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले, ही चांगली गोष्ट आहे. परंतु मुलगा शिकणार आणि पहिली दोन-चार वर्षे चालवणार ते जुन्याच गाड्यांवर. त्याला सुती कपडा द्यावा. जाड विणीचे, गडद रंगाचे, पुऱ्या बाहीचे तीन शर्ट पुरे आहेत. छातीच्या खिशाला बटण असावे, नाहीतर बॉनेटमध्ये वाकला की कागद, पेन, मोबाईल सगळे खाली. दोन सुती पँट, त्याही घोळदार नकोत. लुंगी झोपण्यापुरती. लुंगी आपलेच कापड आहे, तिचा खप वाढावा असे आम्हालाही वाटते, पण क्लच आणि ब्रेकच्या मध्ये तिचा सोगा अडकला तर काय होते हे जुन्या ड्रायव्हरांना विचारावे. मांजरपाटाचे दोन पंचे घ्यावेत, एक अंगासाठी आणि एक हात पुसायला. अंथरुणाला गादीची गरज नाही, एक सोलापुरी चादर खाली आणि एक वर. पायात बंद, सपाट तळाचा, लेसचा बूट. तो महिनाभर आधी घालून मऊ करून घ्यावा, कारण नव्या बुटात पेडल किती दाबले जाते हे पायाला कळत नाही.

हे सर्व सुटकेसमध्ये नको, खांद्यावरच्या थैलीत. केबिनमध्ये सुटकेस ठेवायला जागाच नसते.

एक वही आणि दोन पेन. उस्ताद बोलतो ते एकदाच बोलतो. टायरमध्ये हवा किती, कोणत्या उतारावर कोणता गियर, एअर ब्रेकची टाकी केव्हा रिकामी करायची, हे रात्री लिहून काढावे. कसारा घाट किंवा सेंधव्याचा घाट उतरताना गाडी ब्रेकवर नव्हे, गियरवर उतरवायची असते, नाहीतर ब्रेक तापून धरेनासे होतात. हे वाचून येत नाही, पण लिहिल्याने विसरतही नाही. इथे एक कबुली देतो. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो आणि पहिली काही वर्षे बिल्टीवरचे मराठी-इंग्रजी दुसऱ्याकडून वाचून घेत होतो. दुकानात ते चालून गेले. रस्त्यावर चालत नाही. घाटाचा फलक आणि पुलाच्या उंचीचा फलक चालत्या गाडीतून वाचावा लागतो. उर्दू शाळेतून आलेल्या मुलाच्या थैलीत रस्त्याच्या चिन्हांचे मराठी पुस्तक असलेच पाहिजे, आणि ते महिनाभर आधी त्याच्या हातात पडले पाहिजे.

जानमाज पातळ सुती द्यावी, घडी करून खिशात मावेल अशी. अनेक मुलांचा गैरसमज असतो की घराबाहेर पडले की नमाज कसरच. हनफी मसलकाप्रमाणे एका ठिकाणी पंधरा दिवस किंवा जास्त मुक्कामाची नियत असेल तर नमाज पूर्ण पढायची, म्हणजे सहा आठवड्यांच्या वसतिगृहात पूर्ण. पुढे लांबच्या फेरीवर कसर. शंका असेल तर निघण्यापूर्वी आपल्या इमामसाहेबांना विचारावे. खाण्याचे म्हणाल तर भाजलेले चणे, खजूर आणि पाण्याची बाटली. गुटखा, तंबाखू आणि झोप उडवणाऱ्या गोळ्या थैलीत नाहीत ना, हे बापाने थैली उलटी करून पाहावे. मुलाला राग आला तरी चालेल.

या गोळ्यांचा उगम मात्र थैलीत नाही, आमच्या गाळ्यात आहे. मालेगावचे ग्रे कापड पाली-बालोतऱ्याला प्रोसेससाठी जाते. गाठी चढल्या, बिल्टी हाती आली की आमच्यातलाच कोणी ट्रान्सपोर्टवाल्याला सांगतो, "परवा सकाळी माल पोहोचला नाही तर भाडे कापीन." मग रात्री दोनला ड्रायव्हरला फोन. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने ड्रायव्हरला दिवसाला आठ तासांचे काम ठरवून दिले होते. लांब पल्ल्यासाठी परवानगीने दहा. आमच्या बाजारात तो कायदा कोणी वाचला असेल असे वाटत नाही. केंद्रात मुलाला विश्रांती घ्यायला शिकवतात आणि पहिल्याच महिन्यात आपण ते विसरायला लावतो. एक दिवस उशीर झाल्याने कापड कुजत नाही. आम्ही आमच्यापुरते ठरवले आहे की रात्री दहानंतर ड्रायव्हरला फोन करायचा नाही आणि पार्टीला पोहोच एक दिवस जास्त धरूनच सांगायची. दोन पार्ट्या यावर नाराज झाल्या, त्यांतली एक गेली.

तो मुलगा पुढच्या बॅचला गेला आणि शिकून आला. टेम्पोमालकाकडून परवाना आणायला या वेळी आम्ही स्वतः गेलो होतो. त्याने तो दिला, पण दोन तास बसवून ठेवून. आमच्या मोहल्ल्यातली आणखी तीन मुले आता निघण्याच्या तयारीत आहेत. त्यांपैकी दोघांचे परवाने अजून मालकांकडेच आहेत.