रानहंसांच्या खिंडीत

देव, नाग, यक्ष, गंधर्व, असुर, गरुड, किन्नर आणि महोरग. यांतले कितीतरी जण आपण अजिंठ्याच्या भिंतींवर पाहिलेले असतात. बौद्ध सूत्रांबरोबर हे आठही गण चीनला गेले आणि 1963 साली हाँगकाँगच्या एका दैनिकात रोज छापून येणाऱ्या कादंबरीच्या नावात जाऊन बसले. ‘तिआन लुंग बा बू’, म्हणजे देव-नागादी आठ गण. लेखक जिन योंग. कादंबरीत यक्ष-किन्नर कुणी प्रत्यक्ष येत नाहीत. येतात ती माणसे, पण अंगी देवांचे बळ आणि मनात असुरांचे दुःख घेऊन. गेली काही वर्षे मी या कादंबरीकडे पुन्हापुन्हा जाते. मला चिनी येत नाही. इंग्रजी भाषांतरे आणि जगभरच्या हौशी वाचकांनी प्रेमाने करून ठेवलेले अनुवाद, एवढीच माझी वाट.

या प्रकाराला चिनीत ‘वूश्या’ म्हणतात. ‘वू’ म्हणजे युद्धविद्या, ते सोपे आहे. ‘श्या’पाशी मी अडते. वीर म्हणावे, तर आपल्याकडचा वीर बहुधा कुणा राजाचा असतो. श्या कुणाचा चाकर नसतो. दिलेला शब्द प्राणापलीकडे जपणारा, गांजलेल्याच्या बाजूने उभा राहणारा आणि त्यासाठी कायदा मोडायला न कचरणारा असा तो माणूस. दोन हजार वर्षांपूर्वी सिमा च्येन या इतिहासकाराने राजे-सेनापतींच्या चरित्रांबरोबर अशा भटक्या श्यांसाठीही एक स्वतंत्र प्रकरण लिहिले होते. ही माणसे जिथे वावरतात त्या जगाचे नाव ‘जिआंगहू’, म्हणजे नद्या आणि सरोवरे. खानावळी, घाट, मठ, भिकाऱ्यांच्या संघटना, डोंगरातले आखाडे यांचे हे जग. तिथे दरबाराचा हुकूम चालत नाही, माणसाचा लौकिक चालतो.

जिन योंग हे टोपणनाव. 1924 साली चच्यांग प्रांतातल्या हायनिंगला जन्मलेले हे पत्रकार 1948 साली हाँगकाँगला आले. मागे राहिलेल्या वडिलांना नव्या राजवटीने 1951 साली मृत्युदंड दिला. 1955 साली पहिली कादंबरी आली. 1959 साली त्यांनी ‘मिंग पाव’ हे स्वतःचे दैनिक काढले. त्यात ते अग्रलेखही लिहीत आणि कादंबरीचा रोजचा मजकूरही. 1972 साली शेवटची कादंबरी संपवून ते थांबले ते कायमचे. नंतरची वर्षे जुनेच लेखन पुन्हा घासूनपुसून घेण्यात गेली. चीन आणि तैवान दोन्हीकडे त्यांच्या पुस्तकांवर वर्षानुवर्षे बंदी होती आणि दोन्हीकडे ती चोरून वाचली जात होती. एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या दोन राजवटींचे या एका माणसाबद्दल एकमत व्हावे, यातच मला त्यांची थोरवी दिसते. 2018 साली ते गेले. त्याच वर्षी त्यांच्या गाजलेल्या कादंबरीत्रयीतल्या पहिल्या कादंबरीचा पहिला खंड इंग्रजीत आला. माझी सुरुवात तिथून झाली.

पण माझा जीव जडला तो ‘आठ गणां’मधल्या च्याव फंगवर. काळ अकराव्या शतकाच्या शेवटचा. दक्षिणेत सुंग साम्राज्य, उत्तरेत खितान लोकांचे लिआव. च्याव फंग हा भिकारी संघाचा तरुण प्रमुख, सुंग भूमीतला नावाजलेला योद्धा, दिलदार, दारूचे वाडगेच्या वाडगे रिचवणारा. एके दिवशी जर्दाळूच्या बनात भरलेल्या सभेत त्याच्या जन्माचे गुपित फुटते. तो खितान आहे. ज्यांच्याविरुद्ध तो आयुष्यभर लढला, त्यांचाच मुलगा. कालपर्यंत त्याच्यासाठी प्राण द्यायला निघालेले लोक आज त्याच्यापासून दोन पावले मागे सरकतात.

मराठी वाचकाला इथे कर्ण आठवल्यावाचून राहत नाही. ही कादंबरी 1966 साली पूर्ण झाली आणि पुढच्याच वर्षी आपल्याकडे शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली. दोन्ही नायकांना जन्माचे सत्य उशिरा कळते, दोघांनाही पोटच्या पोरासारखे वाढवणारे आईबाप साधे आणि मायाळू आहेत. पुढे मात्र वाटा फुटतात. कर्णाने बाजू निवडली आणि ती अखेरपर्यंत निभावली. च्याव फंगला दोन्ही बाजू आपल्याच वाटतात आणि म्हणून एकीचीही तलवार त्याला दुसरीवर उचलवत नाही. कर्णाची निष्ठा मला समजते. च्याव फंगची ही अवस्था अधिक कठीण आहे असे मला वाटते, कारण तिच्यासाठी टाळ्या वाजवायला कुठलीच सेना उरत नाही.

एक प्रसंग मी अनेकदा वाचला आहे. आ-चू ही मुलगी जखमी आहे. तिला वाचवू शकणारा वैद्य शत्रूंच्या मेळाव्यात बसला आहे. तो मेळावा भरला आहे तोच मुळी च्याव फंगचा काटा काढायला. तरी तो तिला घेऊन सरळ आत जातो. लढाईआधी दारू मागवतो आणि जुन्या मित्रांना एकेक करून पुढे बोलावतो. प्रत्येकाबरोबर एक वाडगा. तो प्यायला की मैत्री संपली, मग एकमेकांना ठार मारायला मोकळे. पुढची हाणामारी भयंकर आहे, पण मला ऐकू येत राहतो तो वाडग्यांचा आवाज.

सूड घेण्यासाठी जगणारी माणसे या कादंबरीत पुष्कळ आहेत आणि जिन योंग त्यांच्याकडे करुणेने बघतात. बुडालेले राज्य परत मिळवायला निघालेला मुरोंग फू शेवटी वेडा होतो आणि डोक्यावर कागदी मुकुट घालून खेड्यातल्या पोरांकडून मुजरे घेतो. शाओलिनच्या ग्रंथालयात वर्षानुवर्षे झाडू मारणारा एक बिननावाचा म्हातारा भिक्षू आहे. एकमेकांचे रक्त प्यायला टपलेल्या दोन वृद्ध वैऱ्यांना तो मृत्यूच्या दारातून परत आणतो, तेव्हा त्यांचे हात एकमेकांच्या हातात असतात. साऱ्या जिआंगहूत सर्वांत बलवान माणूस हा झाडूवाला आहे.

या साऱ्याचे मूळ यानमनच्या खिंडीत आहे. शान्शी प्रांतातल्या या खऱ्या खिंडीच्या नावाचा अर्थ रानहंसांचे दार. तीस वर्षांपूर्वी इथेच खोट्या खबरीवर विसंबून सुंग योद्ध्यांनी एका खितान कुटुंबावर हल्ला केला. आई मेली. बापाने कड्यावर आपली कैफियत कोरली आणि तान्ह्या मुलाला घेऊन दरीत उडी टाकली. मूल जिवंत आहे हे उमगताच त्याने ते वर फेकले. तेच मूल च्याव फंग. पुढे याच खिंडीत एका मरणाऱ्या खितान म्हाताऱ्याच्या छातीवर लांडग्याचे गोंदण त्याला दिसते. तसेच त्याच्या स्वतःच्या छातीवर आहे. आणि अखेरीस लिआवच्या सम्राटाकडून सुंगवर चाल न करण्याची शपथ घेतल्यावर, आपल्या राजाला धाक घातल्याचे प्रायश्चित्त म्हणून तुटका बाण स्वतःच्या छातीत खुपसून तो पडतो, तोही इथेच.

पण मला आठवते ती त्याची मधली खेप. बापाने कोरलेले वाचायला तो येतो आणि पाहतो तो अक्षरे कुणीतरी तासून टाकलेली. नुसते घाव उरलेत. तो त्या कड्यावर तळहातांनी प्रहार करत सुटतो, दगडाचे कपचे उडतात. तेवढ्यात मागून आवाज येतो, असेच मारत राहिलात तर डोंगर कोसळेल अशा अर्थाचा. फुलांच्या झाडाशी आ-चू उभी असते. तो इथे येणार हे ओळखून ती पाच दिवस, पाच रात्री त्याची वाट पाहत थांबलेली असते. तो खितान असो की आणखी कुणी, तिला त्याचे काही नसते.